सौरज्वाला आणि मुका झालेला रेडिओ
६ सप्टेंबर २०१७ रोजी कॅरिबियन बेटांवर ‘इर्मा’ चक्रीवादळ थैमान घालत असतानाच सूर्यावर एक्स-९.३ तीव्रतेची ज्वाला उसळली. मदतकार्याचा आधार असलेला उच्च वारंवारतेचा रेडिओ त्या दिवशी कित्येक तास निकामी झाला. फ्रेंच गयाना-ब्राझीलच्या किनाऱ्याजवळच्या एका विमानाशी सुमारे ९० मिनिटे संपर्क तुटला. या रेडिओच्या ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी २०० किलोमीटरहून उंच असलेल्या आयनांच्या थरावरून परतून दूरवर पोचतात. ज्वालेतले क्ष-किरण मात्र त्याखाली, ६० ते ९० किलोमीटरवर, आयनीभवन वाढवतात. तिथल्या तुलनेने दाट हवेत मुक्त इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळत राहतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरते. आरसा शाबूत असतो, वाटेत धुके दाटते. रात्रीचा गोलार्ध यातून सुटतो.

वारंवारता वाढवली की शोषण घटते, हे खरे. पण फार वाढवली तर लहर न परतता अंतराळात निघून जाते. उपग्रह असताना ही चिंता कशाला, असेही विचारले जाते. मनोरे कोसळलेल्या बेटावर दोन संच, बॅटरी आणि अँटेनाची तार एवढ्यावर शेकडो किलोमीटर बोलू देणारे दुसरे स्वस्त साधन मला दिसत नाही. शिवाय क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात. ज्वाला दिसते तेव्हा आघात झालेलाच असतो. म्हणून ज्वाला जिथून उसळतात त्या सौरडागांवर आधीपासून नजर ठेवून ज्वालेची शक्यता वर्तवणे आणि ती रेडिओचालकांपर्यंत वेळेत पोचवणे अत्यावश्यक आहे.