तवंदीची लेक, बेळगावची बाई

निपाणीहून बेळगावकडे निघालं की तवंदीचा घाट लागतो. गाडीवाल्यांना तो वळणांपुरता ठाऊक. आम्हां सीमाभागातल्या वाचणाऱ्या माणसांना तवंदी म्हटलं की कवयित्री इंदिरा संत आठवतात. ४ जानेवारी १९१४ चा त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या इंडीचा, पण माहेरच्या दीक्षितांचं मूळ गाव हे. शिक्षण कोल्हापूर-पुण्यात झालं आणि संसार बेळगावात मांडला गेला.

यजमान ना. मा. संत प्राध्यापक आणि 'उघडे लिफाफे' लिहिणारे लघुनिबंधकार. नवराबायकोच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह दोघांच्या नावानं निघाला. आणि १९४६ मध्ये संत गेले. इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या, पदरी तीन मुलं, थोरला अवघा नऊ वर्षांचा.

मराठी समीक्षेनं इथून पुढची बाई विरहाची कवयित्री म्हणून वाचली. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. घरात कमावणारं दुसरं कुणी नसताना सकाळचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा, मग स्वतःची नोकरी, संध्याकाळी पुन्हा चूल, हा गाडा त्यांनी वर्षानुवर्षं ओढला. शिकवता शिकवता त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. पुढं खेड्यापाड्यांतल्या शाळा चालवणारे शिक्षक अशाच कॉलेजांतून तयार होत.

याच ओढाताणीच्या वर्षांत १९५१ ला 'शेला' हा कवितासंग्रह आला, १९५५ ला 'मेंदी', १९५७ ला 'मृगजळ'. शिवाय 'श्यामली', 'कदली', 'चैतू' हे कथासंग्रह. पोरंबाळं आणि नोकरी सांभाळून एवढं लिहायला वेळ कुठून काढला असेल, हा प्रश्न मला त्यांच्या प्रतिमांपेक्षा जास्त खिळवून ठेवतो. मधेच १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सरकार बदललं, पाट्या बदलल्या. बाई बेळगावातच राहून मराठीत लिहीत राहिल्या. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा सत्तरी आली होती. जनस्थान पुरस्कार त्यानंतर, १९९५ मध्ये.

त्यांचं मन किती मोठं होतं हे मला सगळ्यांत जास्त 'मालनगाथे'त दिसतं. स्वतःचं नाव एवढं झालेलं असताना त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांवर जीव लावून लिहिलं, आणि ज्या बायकांनी त्या रचल्या त्यांना मालन म्हणून पुढं उभं केलं. आमच्या हिंडलगा, सुळगा, उचगाव या पट्ट्यात आज्यांच्या पिढीपर्यंत अशा मालनी घरोघरी होत्या. पहाटे दळण, दिवसभर शेत, भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन बेळगावचा बाजार. त्यांच्या ओव्यांना कुणी कविता म्हणत नव्हतं. इंदिराबाईंनी त्यांना आपल्या बरोबरीचा मान दिला. कष्ट करणाऱ्या बाईनं कष्ट करणाऱ्या बाईला ओळखलं, असंच मी त्याकडे पाहतो. ते पुस्तक आमच्याकडच्या प्रत्येक शाळेत असायला हवं.

थोरला मुलगा आजोळच्या दीक्षित घराण्यात दत्तक गेला. कागदोपत्री भालचंद्र दीक्षित, कराडला भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. मराठी वाचकांसाठी प्रकाश नारायण संत. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे वाढणारा त्यांच्या गोष्टींतला लंपन कानडीच्या शेजारानं घडलेली, आमच्या भागातली मराठी बोलतो. त्यांच्या पत्नी डॉ. सुप्रिया दीक्षित यांनी पुढं 'अमलताश'मध्ये या कुटुंबाचं सहजीवन मांडलं. नवऱ्यापासून सुनेपर्यंत या घरात लिहिणारी माणसं होती, आणि एवढं सगळं ज्या संसाराच्या आधारानं उभं राहिलं तो बाईंनी १९४६ नंतर एकटीनं सावरलेला होता.

लंपनच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक, 'वनवास', १९९४ मध्ये निघालं. लेखक सत्तावन्नाव्या वर्षात होता, आई ऐंशीची. त्यानंतर सहा वर्षांनी, १३ जुलै २००० ला, इंदिराबाई पुण्यात वारल्या.