डेक्कनवरचे खाणे

पुण्यात मुठेच्या पश्चिमेला, फर्ग्युसन रस्ता ते लॉ कॉलेज रस्ता या पट्ट्यात परिषदा आणि चर्चासत्रे सतत चालू असतात. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चे, विधी महाविद्यालय १९२४ चे आणि गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ मध्ये पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या पुढाकाराने भरले. परिषदेला येणारा पाहुणा आज या भागात जे खातो, ते मुळात त्याच्यासाठी शिजलेले नाही. या संस्थांनी गावोगावची मुले पुण्यात आणली आणि त्यांच्या भुकेवर इथली उपाहारगृहे उभी राहिली.

त्याआधीची सोय घरगुती होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे. काही जण माधुकरी मागत. हातात थोडे पैसे असणाऱ्यांसाठी खाणावळी निघाल्या. महिन्याचे पैसे भरणारा मेंबर, एक वेळचा पाहुणा आणि रविवारची फीस्ट हे शब्द तिथलेच. पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर, भात असे रोजचे ताट हीच या परंपरेची खरी देणगी आहे. आपटे रस्त्यावरचे आशा डायनिंग हॉल आणि श्रेयस ती आजही चालवतात. सत्रांमधल्या तासाभराच्या सुट्टीत जेवायचे तर थाळीइतके सोयीचे काही नाही. पदार्थ निवडण्यात वेळ जात नाही आणि बसल्याबरोबर वाढपी येतो. आशामधले जेवण अधिक साधे. श्रेयसमध्ये अळूची भाजी, मसालेभात असा सणाच्या पंगतीचा थाट मिळतो. दुपारचे सत्र महत्त्वाचे असेल, तर आशाच बरे.

खाणावळी हा इथल्या खाण्याचा पहिला प्रवाह, तर दुसरा इराण्यांचा. यझ्द आणि केरमानकडची माणसे मुंबईमार्गे पुण्यात आली आणि चौकाचौकांत चहाची दुकाने थाटून बसली. फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी असलेले कॅफे गुडलक १९३५ चे असून आजूबाजूच्या चौकाला त्याचेच नाव पडले आहे. बन मस्का, बन ऑम्लेट, खिमा पाव आणि दाट, गोड चहा ही तिथली ओळख. शाकाहारी वळणाच्या या वस्तीत अंडे आणि मटण उघडपणे मिळू लागले, हे इराण्यांचे मोठे काम होय. विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी घरी न मिळणारे ऑम्लेट इथे पहिल्यांदा चाखले.

तिसरा प्रवाह दक्षिण कानड्यातून आला. जगन्नाथ शेट्टी यांनी फर्ग्युसन रस्त्यावर मद्रास कॅफे आणि मद्रास हेल्थ होम चालवले. पुढे त्यांचीच नावे रूपाली आणि वैशाली झाली. शेट्टी २०२३ मध्ये वारले. वैशालीच्या मागच्या अंगणातल्या टेबलांवर प्राध्यापक, नाटकवाले, राजकारणी आणि परीक्षेतून सुटलेली मुले असे सगळे शेजारी शेजारी बसत आले आहेत. इडली-सांबार आणि म्हैसूर मसाला डोसा तर आहेच, पण शेव-पोटॅटो-दही-पुरी म्हणजेच एसपीडीपी हा मागवल्याशिवाय उठू नये असा पदार्थ आहे. उडुपी पद्धतीच्या स्वयंपाकघरातून निघालेली ही चाट पुण्याने इतकी आपली केली की आता नुसती आद्याक्षरे पुरतात. दुपारी आणि रविवारी मात्र रांग लागते, तेव्हा पहिल्या सत्राआधी, सकाळी लवकर जाणे उत्तम. टेबल मिळालेच नाही तर त्याच रस्त्यावर रूपाली किंवा वाडेश्वर आहे.

मधल्या चहासाठी अमृततुल्य शोधावे. ही दुकाने राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पुण्यात रुजवली. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि चहा एकत्र उकळतात, त्यात आले-वेलदोडा पडतो आणि चहा फडक्यातून गाळला जातो. संस्थेच्या थर्मासमधला चहा पिऊन कंटाळलेल्याला हा उतारा लागू पडतो.

एखादे सत्र सोडण्याची तयारी असेल, तर लकडी पूल ओलांडून नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खावी. चव पुणेरी, म्हणजे किंचित गोडसर. सोबत पाव नसून ब्रेडचे स्लाइस असतात आणि रस्सा ‘सॅम्पल’ म्हणून मागायचा. कोल्हापुरी तिखटाच्या अपेक्षेने गेलेल्याची निराशा होते. आल्याचा आणि गोड्या मसाल्याचा स्वाद घेणारा मात्र तृप्त होतो. जवळच लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउसमध्ये थालीपीठ मिळते. पेठेतच राहायचे असेल, तर संध्याकाळी सदाशिव पेठेत मस्तानी घ्यावी. घट्ट आटीव दुधावर आइस्क्रीमचा गोळा असलेला हा पेला जेवणानंतर एकट्याने संपत नाही, दोघांत एक पुरे. मासे हवे असतील त्यांनी उलट दिशेला, नळ स्टॉपजवळच्या निसर्गमध्ये जावे.

घरी न्यायची बाकरवडी चितळ्यांच्या डेक्कनवरच्या दुकानात मिळते. दुपारी दुकान बंद ठेवण्याची जुनी पद्धत त्यांनी आता सोडली आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही ही खरेदी उरकता येते.