अणुस्फोटाच्या धुळीचे वय

अणुस्फोटाचा तपास करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला स्फोटाच्या जागी कोणी फिरकू देणार नाही, हे गृहीत धरूनच त्याची विद्या उभी राहिली आहे. युरेनियम किंवा प्लुटोनियमच्या अणुकेंद्रांचे विखंडन झाले, म्हणजेच ती दुभंगली, की बेरियम, मॉलिब्डेनम, झिर्कोनियम, सेरियम अशा अनेक मूलद्रव्यांची किरणोत्सारी समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्यांची निराळ्या वजनाची रूपे, जन्माला येतात आणि वाफ निवताना सूक्ष्म कणांवर बसून वाऱ्याबरोबर दूरवर जातात. या कणांच्या वर्षावालाच किरणोत्सारी अवपात म्हणतात.

29 ऑगस्ट 1949 रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे आपला पहिला अणुबॉम्ब फोडला आणि त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. 3 सप्टेंबरला अमेरिकी हवाई दलाचे एक हवामान-निरीक्षक विमान जपानमधील मिसावाहून अलास्काकडे सुमारे 18,000 फुटांवरून गेले. त्याच्यावरील गाळणकागद मापकाखाली ठेवल्यावर मिनिटाला 85 नोंदी मिळाल्या, आणि 50 ओलांडल्या की इशारा द्यावयाचा असा नियम होता. तरीही खात्री कोणाला वाटावी? याआधीचे 111 इशारे नैसर्गिक कारणांचेच निघाले होते. मग आणखी विमाने धाडण्यात आली, आणि नौदलाच्या संशोधकांनी अलास्कातील कोडियाक बेटावर साठवलेले पावसाचे पाणीही तपासायला घेतले.

खरे काम त्यानंतरचे. बर्कलीतील ट्रेसरलॅब या खासगी प्रयोगशाळेत कागदावरील द्रव्य विरघळवून त्यातील मूलद्रव्ये एकेक करून वेगळी करण्यात आली. हाती आलेले अणू इतके थोडे असतात की एरवीच्या रासायनिक क्रियेत ते हरवूनच जातील, म्हणून त्याच मूलद्रव्याची किरणोत्सारी नसलेली, मोजून घेतलेली मात्रा ‘वाहक’ म्हणून मिसळावी लागते. प्रत्येक समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा वेळ, ठरलेला असतो: मॉलिब्डेनम-99 चा 66 तास, बेरियम-140 चा सुमारे 13 दिवस, झिर्कोनियम-95 चा 64 दिवस. त्यामुळे आज उरलेल्या प्रमाणांवरून मागे गणित करत गेल्यास जन्मवेळ कळते. अणुभट्टीत ही द्रव्ये महिनोन्‌महिने साचत राहतात, म्हणून तिच्यातील निरनिराळी समस्थानिके निरनिराळी वये सांगतात. बॉम्बमध्ये मात्र ती सर्व एकाच क्षणाची असतात, आणि येथे सर्वांचे गणित ऑगस्टच्या अखेरीस येऊन मिळत होते. एखाद्या अणुभट्टीचा अपघात झाला असावा, या अमेरिकेचे संरक्षणमंत्री लुई जॉन्सन यांच्या शंकेला याहून नेमके उत्तर देता आले नसते. तरीही 23 सप्टेंबरच्या निवेदनात अध्यक्ष ट्रूमन यांनी ‘बॉम्ब’ न म्हणता ‘अणुस्फोट’ एवढेच म्हटले. त्यावर ‘तास’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेने देशात कालवे, रस्ते आणि जलविद्युत केंद्रांसाठी मोठे सुरुंग उडवले जात असल्याचा खुलासा केला, तो मात्र वाचण्याजोगाच आहे.

हे विश्लेषण गुप्त राहिले. पुढचे मोठे प्रकरण उघड्यावर घडले. 1 मार्च 1954 च्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बची राख प्रशांत महासागरातील बिकिनी बेटाजवळ ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील 23 खलाशांवर पडली. टोकियो विद्यापीठाच्या केंजिरो किमुरा यांना त्या राखेत युरेनियम-237 आढळले, आणि योगायोग असा की 1940 मध्ये हे समस्थानिक शोधणाऱ्या गटात ते स्वतः होते. अतिवेगवान न्यूट्रॉनांचा युरेनियम-238 वर मारा झाला की ते मोठ्या प्रमाणात तयार होते. म्हणजे बॉम्बभोवती साध्या युरेनियमचे आवरण होते, आणि अमेरिकेने झाकून ठेवलेली रचना परक्या प्रयोगशाळेने राखेतून ओळखली.

वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारानंतर त्यात सामील झालेल्या देशांच्या चाचण्या भूगर्भात गेल्या, धूळ अडली, आणि खडकाच्या फटींतून निसटणारा झेनॉन वायू तेवढा तपासापुरता उरला. उत्तर कोरियाच्या 12 फेब्रुवारी 2013 च्या चाचणीतील झेनॉन जपानमधील ताकासाकी केंद्राला सुमारे 55 दिवसांनी सापडला. त्याच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून काळ जुळला, पण बॉम्ब युरेनियमचा होता की प्लुटोनियमचा, हे त्यावरून ठरवता आले नाही.