धडधाकट मोटार का खोलतात?

सुरतेत हिऱ्यांच्या व कापडाच्या धनिक व्यापाऱ्यांकडे परदेशी वेगवान मोटारी दिसू लागल्या आहेत. अशी धडधाकट मोटार केवळ नित्याच्या देखभालीसाठी खोललेली पाहिली की आम्हांस नवल वाटते.

इटलीच्या फेरारी कारखान्याने १९९४ ते १९९९ या काळात बनविलेली ‘एफ ३५५’ घ्या. तिचे इंजिन आसनांच्या मागे असते. मोटार उंच उचलून, तारा व नळ्या सोडवून, ते सबंध इंजिन खालून उतरवितात. कशासाठी? मुख्यतः रबरी पट्टे बदलण्यासाठी! हे पट्टे ४० झडपांची उघडझाप दट्ट्यांच्या तालात ठेवतात. मोटार नुसती उभी असली तरी रबर जुने होतेच. आणि पट्टा तुटला की झडपा दट्ट्यांवर आदळून इंजिनाची नासाडी होते.

सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत मागावर राबणारे आमचे खानदेशी बांधव हे मर्म जाणतात. माग बंद पडण्याची वाट न पाहता ते त्याचे तेलपाणी करतात. वाचकहो, आपल्या फटफटीचा ब्रेक व विहिरीवरचा पंप यांनाही हाच नियम लागू आहे. पंप बिघडला तर पीक वाळेल. ब्रेक बिघडला तर माणूस जाईल.