पांढऱ्या रूथची वेगळी चूल

ड्रॅगन म्हटला की सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसलेला, कुणाशी पटत नसलेला जीव डोळ्यांपुढे येतो. अमेरिकी लेखिका अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या पर्न ग्रहावरचे ड्रॅगन मात्र चांगल्या मोठ्या गोतावळ्यात नांदतात. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या कथामालेत आकाशातून ‘थ्रेड’ नावाचे तंतू पडतात आणि हिरवे दिसेल ते फस्त करतात. ते हवेतच जाळायचे, हे ड्रॅगनांचे काम. विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटातल्या गुहांत ते आपापल्या स्वारांसह राहतात. या वस्तीला ‘वेअर’ म्हणतात.

वेअरमधला मान कातडीच्या रंगावर ठरतो. सोनेरी मादी म्हणजे राणी. तिच्याखाली ब्राँझ, मग तपकिरी, निळे आणि सर्वांत लहान हिरवे. राणी माजावर येऊन झेपावते तेव्हा जो ब्राँझ तिला गाठतो, त्याचा स्वार वेअरचा प्रमुख होतो. माणसांचा पुढारी कोण, हे ड्रॅगन ठरवतात. निवडणुकीचा खर्च तेवढा वाचतो! अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू आपला माणूस स्वतः निवडते आणि त्या क्षणी दोघांची मने जोडली जातात. स्वार मेला, तर ड्रॅगनही मागे राहत नाही.

या चोख व्यवस्थेत रूथ बसत नाही.

बेंडन वेअरच्या रामोथ राणीच्या अंड्यांत एक अगदीच लहान होते. बाकीची पिल्ले बाहेर आली, हे आतल्या आत धडपडत राहिले. फुटणार नाही असे समजून सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जॅक्सम हा पोरगा तेवढा रेतीत उतरला, कवचाला लाथा घातल्या आणि आतला चिवट पडदा सुरीने फाडला. बाहेर पडला तो पांढरा ड्रॅगन, रूथ; त्याने जॅक्समलाच निवडले. पंचाईत अशी, की जॅक्सम रुआथा गढीचा वारस होता, आणि गढीचा धनी ड्रॅगनस्वार होऊ शकत नाही असा दंडक. पिल्लू फार काळ जगायचे नाही, या हिशेबाने दोघांना गढीवर राहू दिले. रूथ मात्र जगला, धष्टपुष्ट झाला.

‘द व्हाइट ड्रॅगन’ ही १९७८ची कादंबरी त्याचीच. वेअरबाहेर वाढल्यामुळे असेल, पण त्याच्या स्वभावात ब्राँझ ड्रॅगनांची ऐट नाही. तो शांत, थोडा मिश्कील आणि कमालीचा समजूतदार. माद्यांत त्याला रसच नाही. त्यावरून जॅक्समला टोमणे ऐकावे लागतात, रूथला काही वाटत नाही. त्याचा खरा गोतावळा म्हणजे ड्रॅगनांचे चिमुकले भाऊबंद, फायर-लिझर्ड. तो तळ्यात डुंबायला उतरला की त्यांची झुंड जमते आणि जॅक्समच्या जोडीने त्याचे अंग घासू लागते. आंघोळीनंतर तेलाचे मालिश हवेच, कारण ड्रॅगन एका ठिकाणाहून दुसरीकडे, अगदी एका काळातून दुसऱ्या काळातही, क्षणात पोहोचतात ते बर्फगार पोकळीतून, आणि कोरड्या कातडीला तिथे भेगा पडतात.

बाकीचे ड्रॅगन चालू वर्तमानात जगतात, त्यांची आठवण तोकडी. रूथला मात्र आपण कोणत्या काळात आहोत याचे अचूक भान असते. बेंडनच्या राणीचे अंडे चोरीला जाते आणि ड्रॅगनांतच भाऊबंदकी पेटायची वेळ येते, तेव्हा याच भानाच्या जोरावर तो आणि जॅक्सम काळात मागे जाऊन ते गुपचूप परत आणतात. ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या पांढऱ्या अंगाला आधी काळा चिखल फासावा लागतो. पुढे १९९१च्या ‘ऑल द वेअर्स ऑफ पर्न’मध्ये थ्रेडचा कायमचा निकाल लावण्यासाठी शेकडो वर्षे मागे झेप घ्यायची असते. धिप्पाड ब्राँझ ड्रॅगनांना वाट दाखवायला तेव्हा रूथच लागतो.