सरळ पट्ट्यांचे वळण

नेदरलँड्समध्ये डिसेंबर हा शुभेच्छापत्रांचा महिना. नाताळ आणि नव्या वर्षाची कार्डे एवढी जातात, की तिथल्या टपालखात्याने १९८७ पासून त्यांच्यासाठी सवलतीच्या दराची खास डिसेंबर तिकिटे सुरू केली. नाताळचे पहिले छापील कार्ड मात्र लंडनचे. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी ते चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून चितारून घेतले होते. छापील कार्डामुळे शेकडो लोकांना एकच शुभेच्छा पाठवता येऊ लागली. पण एकाच माणसासाठी हाताने एकच कार्ड करण्याची हौस डच घरांनी टिकवली. ‘आयरिस फोल्डिंग’ ही दुमडलेल्या कागदी पट्ट्यांची डच कला त्याच हौसेची.

तिचे पहिले साहित्य म्हणजे टपालाने आलेली पाकिटे. आतला मजकूर बाहेरून वाचता येऊ नये म्हणून कचेऱ्यांच्या पाकिटांना आतून निळी-करडी बारीक नक्षी छापलेली असते. पाकीट फाडले की ती कचऱ्यात जाते. डच कलाकारांनी ती कापून जपली. पुढे मारुशा गासेनबेक आणि टिने बोवेझर यांच्या पुस्तकांनी ही कला देशाबाहेर नेली.

कृती सगळी उलट्या बाजूने चालते. कार्डाला हव्या त्या आकाराची खिडकी कापायची. आकड्यांच्या रेघा असलेला नमुना टेबलावर चिकटवायचा आणि त्यावर कार्ड पालथे ठेवायचे. कागदाच्या साधारण दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून प्रत्येकीची एक कड लांबीच्या दिशेने दुमडायची. घडीची बाजू खिडकीच्या मध्याकडे ठेवून पहिली पट्टी पहिल्या रेघेवर, दुसरी दुसऱ्या रेघेवर बसवायची आणि टोके चिकटपट्टीने कार्डाला जोडायची. चौकोनाला चार रंग घेतले, तर पहिला रंग १, ५, ९ या रेघांवर येतो, दुसरा २, ६, १० वर. शेवटी मध्ये उरलेल्या भोकावर चमकदार कागद लावायचा.

या कलेचे मर्म त्या रेघांत आहे. नवी रेघ त्याच बाजूच्या आधीच्या रेघेला समांतर नसते. एका टोकाला ती जवळ असते, दुसऱ्या टोकाला किंचित आत सरकते. त्यामुळे दर फेरीला उघडी जागा लहान होते आणि थोडी फिरतेही. घड्या सगळ्या सरळ, तरी समोरून पाहणाऱ्याला कॅमेऱ्याच्या मिटत जाणाऱ्या पात्यांसारखा भोवरा दिसतो. एकही वक्र रेघ न काढता वळण उभे राहते, ही भूमितीची किमया आहे.

नाताळची चित्रे या पद्धतीला साजतात. सूचिपर्णी झाड म्हणजे त्रिकोण, त्याला हिरव्याच्या तीन छटा पुरतात. मेणबत्तीच्या ज्योतीत शेवटचा सोनेरी तुकडा नेमका गाभ्याशी येतो. घंटा आणि झाडाला टांगायचे गोळे थोड्या सरावानंतर जमतात.

कागद पातळ हवा. जाड कागदाचे थर मध्याशी साचून कार्ड फुगते. पाठ झाकायला दुसरा कागद लागतोच. तो ओल्या गोंदाने न लावता दुहेरी चिकटपट्टीने लावावा, कारण थरांच्या दाबाने गोंदाचा जोड सुटतो. एका पट्टीचा क्रम चुकला, तर भोवरा तिथेच तुटतो.

या कलेला चित्रकाराचा हात लागत नाही. स्वच्छ घडी आणि पाळलेला क्रम एवढेच ती मागते, म्हणून शाळकरी मुलालाही ती साधते आणि आजीलाही. मला तिचे मोल इथेच वाटते. काम चालू असताना डोळ्यांसमोर फक्त चिकटपट्ट्यांची गर्दी असते. सुबक बाजू घेणाऱ्याच्या वाट्याची. दुसऱ्यासाठी एवढ्या पट्ट्या मन लावून बसवणे, हीच त्या कार्डातली खरी शुभेच्छा. आत दोन ओळी लिहिल्या काय, न लिहिल्या काय, ती पोचतेच.