न्हाणीघरातील बुरशी आणि पाण्याचा माग

मृगाचा पाऊस स्थिरावून आर्द्रा नक्षत्र लागले, की मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनारपट्टीत घरांच्या भिंतींचा रंग पालटू लागतो. आणि त्यातही न्हाणीघराच्या छताचा कोपरा, फरशांमधील सांधे, दाराच्या चौकटीचा तळ आणि गिझरच्या मागची, हात न पोहोचणारी भिंत या ठिकाणी प्रथम राखाडी, मग हिरवट आणि अखेरीस काळे ठिपके उमटतात. घरातील माणसे ते घासून काढतात, थोड्याच दिवसांत ते पुन्हा उगवतात, दिवाळीपूर्वी रंगारी बोलावून त्यांवर रंगाचा हात दिला जातो, आणि पुढल्या आषाढात तोच रंग पोपडे धरून गळू लागतो. या क्रमाला आपण इतके सरावलो आहोत, की बुरशी हा पावसाळ्याचा अटळ उपसर्ग आहे असे मानून आपण तिच्याशी तह करून बसलो आहोत. हा तह अकारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्याच्याशी आपण झुंजतो तो डाग असतो, आणि ज्याच्यावर बुरशी जगते ते पाणी मात्र आपण शोधतच नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र आणि सदैव असतात. ते इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कितीही स्वच्छता ठेवली तरी त्यांना घराबाहेर रोखणे मानवी सामर्थ्यापलीकडचे आहे. त्यांना लागणारे अन्न न्हाणीघरात मुबलक असते: साबणाचा चिकट थर, अंगावरून सुटलेले त्वचेचे कण, रंगातील सेंद्रिय द्रव्य, दाराच्या प्लायवुडमधील लाकूड. उष्णतामान तर आपल्याकडे बारमाही त्यांच्या सोयीचे. उरते ते पाणी, आणि तेवढे एकच आपल्या स्वाधीन आहे. भिजलेला पृष्ठभाग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळला, तर बहुधा बुरशीला तेथे मूळ धरता येत नाही.

हे पाणी न्हाणीघरात दोन वाटांनी येते. पहिली वाट हवेची. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, मग खिडकी उघडून लाभ काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि पाऊस सुरू होताच झडपा घट्ट लावून घेतात. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. २७ अंश सेल्सियसच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत दर घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. कढत पाण्याने स्नान झाल्यावर बंद न्हाणीघरातील ३५ अंशांच्या संपृक्त हवेत ते सुमारे ४० ग्रॅम असते. म्हणजे भर पावसातली बाहेरची हवासुद्धा आतल्या हवेपेक्षा पुष्कळ कोरडी असते, आणि ती आत आली नाही तर जास्तीचे बाष्प थंड भिंतीवर आणि छताच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा पाणी होते. यासाठी स्नानानंतर निदान अर्धा तास एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. परंतु पंखा आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा तितकीच हवा कोठून तरी आत यावी लागते, हे विसरून दाराखालची फटही पायपुसणे कोंबून बंद केली, तर तो पंखा केवळ आवाज करीत राहील. घरातील शेवटच्या माणसाने स्नानानंतर भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर फिरवला, तर पुष्कळसे पाणी वाफ होण्यापूर्वीच मोरीतून निघून जाते. पावसाळ्यात ओले कपडे न्हाणीघरातच वाळत घालण्याची जी रीत लहान सदनिकांत नाइलाजाने पडली आहे, तिच्यामुळे ही सर्व खटपट फुकट जाते. कपड्यांतले पाणी त्या खोलीतच राहते.

दुसरी वाट झिरपणीची, आणि ती अधिक लबाड आहे. ओल भिंतीच्या पोटातून येते की हवेतून बसते, हे ठरविण्याची एक साधी परीक्षा आहे: डागाजवळची भिंत कोरडी पुसून तिच्यावर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडील अंगावर जमले तर दोष हवेचा. भिंतीकडील अंगावर जमले तर पाणी आतून येत आहे असे समजावे आणि ब्रश खाली ठेवून प्लंबरला बोलवावे. भिंतीवर पांढरी, भुरभुरीत पूड फुटली असेल तर ती बुरशी नव्हे, लोणा आहे. विटा-सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर बाहेर आलेले असतात, आणि तोही झिरपणीचाच पुरावा होय.

छतावर तपकिरी वलय असेल तर प्रकरण वरच्या मजल्यावर जाते, आणि येथून बहुतेक गृहनिर्माण संस्थांत तक्रारअर्जांचा सिलसिला सुरू होतो. वरच्या सदनिकेतील नहाणी ट्रॅपचा सांधा सुटलेला असतो, किंवा नव्या फरशा बसविताना कोबा फुटलेला असतो. वरचा मालक जबाबदारी नाकारतो आणि खालचा दरवर्षी रंगाचा खर्च सोसतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेने, तर सदनिकेच्या आतील इतर दुरुस्त्या सदस्याने स्वखर्चाने कराव्यात अशी विभागणी केलेली आहे. तिचा आधार घेऊन, छायाचित्रांसह लेखी अर्ज दाखल करून पोच घ्यावी. तोंडी भांडणातून अशा प्रकरणाचा निकाल क्वचितच लागतो.

जुन्या घरांत न्हाणीघर परसदारी असे, कौलांच्या फटींतून हवा खेळे, आणि भिंतींना दरवर्षी चुना दिला जाई. ताज्या चुन्यात तीव्र अल्कली असल्यामुळे बुरशी तेथे टिकत नसे. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तो गुण हळूहळू मंदावतो, म्हणून दरवर्षीच्या सफेदीला शास्त्रीय कारण होते. शिवाय चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शके. ओल्या भिंतीवर आज आपण जो प्लास्टिक रंग चढवितो, तो ती ओल आत कोंडून ठेवतो.

साफसफाईविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कोरडी बुरशी कधीही खरवडू नये, कारण तिचे बीजाणू घरभर उडतात. नाकावर घट्ट मास्क, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, घराकडचे दार बंद आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवून, प्रथम डाग ओला करावा. मग डिटर्जंटच्या पाण्याने घासून, पुसून, पूर्ण वाळवावा. फरशीसारख्या टणक पृष्ठभागाला बहुधा एवढे पुरते. डाग उरलाच तर एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ६० मिलिलिटर ब्लीच घालून ते वापरावे. हे ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रव्याबरोबर कदापि मिसळू नये. ॲसिडशी संयोग होताच क्लोरीन वायू सुटतो, आणि कोंदट न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. आपल्या घरांत या दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, हे पाहून मला खरोखर भय वाटते. प्लास्टरसारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर ब्लीचने वरचा रंग जातो, खोल शिरलेले तंतू राहतात. तेथे खराब थर काढून, गळती थांबवून, भिंत वाळल्यावरच नवे काम करावे. सिलिकॉनच्या पट्टीखाली बुरशी गेली असेल तर ती पट्टी कापून नवी भरावी लागते. बादलीच्या कडेला दिसणारा गुलाबी बुळबुळीत थर मात्र बुरशीचा नसून बहुधा जिवाणूंचा असतो. तो साबणाने घासून निघतो.

दमट घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आपल्या मार्गदर्शिकेत नोंदविले आहे. म्हणून ही सफाई दम्याच्या रुग्णाने स्वतः करू नये. २०२१ साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जो हाहाकार माजविला, त्याला लोक 'काळी बुरशी' म्हणू लागल्यापासून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याची धास्ती अनेकांनी घेतली आहे. त्या रोगाचे कवक वेगळ्या गणातले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर या अवस्थेत त्याने प्रामुख्याने घाला घातला. भिंतीवरील बुरशीच्या रंगावरून ती किती घातक आहे हे ओळखता येत नाही. कोणत्याही रंगाची असली तरी ती काढावी.

नवी सदनिका पाहायला जाणारी माणसे फरशांची झिलई आणि नळांची कंपनी बारकाईने न्याहाळतात. त्यांनी न्हाणीघराची खिडकी मोकळ्या आकाशाकडे उघडते की वर पत्रा टाकून झाकलेल्या डक्टमध्ये, हे आधी पाहावे. मग फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते सारे मोरीकडे वाहते की कोपऱ्यात साचते ते बघावे, आणि शक्य असल्यास खालच्या मजल्यावरील रहिवाशाची परवानगी घेऊन त्याचे छत एकदा पाहून यावे.